माईक मध्येच बंद पडला तर



२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभेचे हे दिवस आपल्याला आता पाठ झालेत. त्याआधीच्या महिला सभेत पाण्याचा, रेशनचा ठराव आपण नीट ठरवून ठेवतो. आणि मोठ्या सभेत आपली बाई बोलायला उभी राहिली की माईक खरखरतो, बंद पडतो. ती दोन वाक्यं बोलून खाली बसते, पुढचा विषय सुरू! म्हणून आज माईकविषयीच बोलू.

माईक बंद पडला की सगळे टिचक्या मारतात, फुंकर घालतात. तसं करू नका. आत नाजूक पडदा असतो, त्याला मार आणि ओल दोन्ही सोसत नाही.

आधी मशीन बघा. दिवा लागलाय का? माईकची पिन जिथे खोचलीय, त्याचंच बटण वाढवलंय ना? पुष्कळदा शेजारचंच फिरवत बसलेले असतात. मग माईकवरचं बटण. बिनवायरीचा असेल तर सेल बदला. उतरलेल्या सेलवर दिवा लागतो, पण आवाज तुटतो.

तरी मुका? त्याच वायरीला दुसरा माईक लावा. तो बोलला तर दोष पहिल्या माईकमध्ये. तोही गप्प, तर वायर बदलून बघा.

बहुतेक वेळा वायरच दगा देते. गुंडाळताना आपण ती पिनेपाशी पिळतो, ओढतो. वरचं रबर शाबूत दिसतं, आतली तार तुटलेली असते. एकीने बोलत राहावं, दुसरीने वायर हळूहळू वाकवत जावं. जिथे आवाज येतो-जातो, तिथे दोष. पिनेजवळ असेल तर तेवढा तुकडा कापून पिन पुन्हा डाख देऊन बसवता येते. सारखी घुंईं वाजत असेल तर वायरीतली बाहेरची जाळी सुटलेली असू शकते. शिट्टी वाजली तर मात्र बिघाड नाही, तुम्ही बॉक्ससमोर उभ्या आहात. बाजूला सरका.

मशीन उघडायचं नाही. माईक धरल्यावर मुंग्या आल्या तर तो लगेच सोडा आणि मेन स्विच बंद करायला सांगा.

गटाच्या पेटीत एक जादा वायर, चार सेल ठेवा. दोघींनी अर्धा तास आधी जाऊन माईक तपासावा. एवढं करूनही तो बंद पडला, तर खाली बसू नका. टेबलापाशी जाऊन ठराव मोठ्याने वाचा, आणि इतिवृत्तात काय लिहिलं ते तिथेच वाचून दाखवायला सांगा.