खांद्याचा तोल

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर आहे. पण रुळावर घण मारणारे, ओझी उचलणारे आपले सहकारी चाळिशीनंतर "खांदा गेला" म्हणतात, तेव्हा नेमके काय जाते, ते आपल्या भाषेत सांगतो.

मांडीचे हाड कमरेच्या खोल वाटीत बसते. खांद्याची वाटी मात्र बशीसारखी उथळ. दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा पाव ते एक तृतीयांश भागच एका वेळी तिला टेकतो. म्हणून हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच निखळतोही. उंच खांबाला चारी बाजूंनी ताण द्यावेत, तसे चार स्नायू हा गोळा धरून ठेवतात : वर सुप्रास्पायनेटस, मागे इन्फ्रास्पायनेटस व टेरेस मायनर, पुढे सबस्कॅप्युलरिस. यांनाच मिळून रोटेटर कफ म्हणतात.

हात उचलताना खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू गोळ्याला वर ओढतो, कफ त्याला वाटीत दाबून धरतो. कफ थोडा फाटला, तरी पुढचा आणि मागचा ताण सारखा असेल तर काम चालते. फाट मोठी झाली की तोल बिघडतो. गोळा वर सरकून वरच्या हाडाला घासतो आणि हात उचलेनासा होतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हात स्वतःला उचलत नाही, पण दुसऱ्याने धरून उचलला तर वर जातो, तर कफ फाटल्याची शंका घ्यावी. आखडलेला खांदा दुसऱ्यालाही हलवता येत नाही. आणि चाळिशीनंतर खांदा निखळला, तर हाड बसवून घेण्यावर थांबू नका. या वयात कफही फाटलेला असू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. पुष्कळ फाटी व्यायामाने सुसह्य होतात. पण अपघाताने पूर्ण तुटलेली कंडरा महिनोन्‌महिने तशीच ठेवली, तर स्नायू आकसतो, त्यात चरबी भरते आणि शिवणे अवघड होते. मालिशने ती जुळत नाही.

सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च 2006 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्याने नाबाद 141 धावा केल्या. मधले महिने संयमाचे होते.

महादेवघाटावर विसर्जनाला मूर्ती उचलताना चार हात जास्त लावा, भार अंगाजवळ ठेवा. बाप्पाला पुढच्या वर्षीही आपल्याच खांद्यावरून न्यायचे आहे.

गणपती बाप्पा मोरया!