गाडी जलंबला पोहोचली का?



पत्रिकेवर विषय आहे, 'वेब ॲपची माहिती ब्राउझरमध्ये कशी साठवावी'. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मघाशीच विचारलं, "कुकी म्हणजे बिस्कीटच ना?" (हशा) तेवढंच लहान, आजोबा! 1994 साली नेटस्केपच्या लू माँटुली यांनी काढलेली ही चिठ्ठी जेमतेम 4 किलोबाइटची. दर फेरीला सर्व्हरकडे जाते, म्हणून तिच्यात ओळख ठेवावी, संसार नव्हे. सर्व्हर म्हणजे ॲपचा पलीकडचा संगणक.

लोकलस्टोरेजमध्ये साधारण 5 मेगाबाइट मावतं, तेही नुसता मजकूर. भाषेची निवड वगैरे ठेवायला ठीक. सेशनस्टोरेज टॅब मिटला की जातं. पानं, चित्रं कॅशेमध्ये. हिशेबाच्या नोंदींना मात्र इंडेक्स्डडीबी. तिथे व्यवहार पुरा होतो, नाहीतर होतच नाही. झालं व्याख्यान! (हशा)

आता माझं रेल्वेचं वेड ऐका. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आपल्या खामगावला आले, ते जलंब फाट्याच्या रेल्वेसाठी. खामगाव ते मुख्य लाइनवरचं जलंब, लाइन अवघी 13 किलोमीटरची. पण ती नसती तर कापूस इथेच पडून राहिला असता. ब्राउझर म्हणजे खामगाव स्टेशन, सर्व्हर म्हणजे जलंब. माल इथे चढतो, मुक्कामाला राहत नाही.

हे मला एका अडत्याकडे कळलं. वजनं नोंदवायचं ॲप मी केलं होतं. सगळा दिवस लोकलस्टोरेजमध्ये, एकाच नावाखाली. ऐन हंगामात मोबाइल भरला, दुकानातल्या पोऱ्यानं ब्राउझरचा डेटा साफ केला. सकाळची सगळी वजनं गेली. समोर शेतकरी उभा: "मंग माह्या कापसाचं काय?" त्या पोऱ्याला बोल लावू नका, चूक माझी. दिवाणजींनी कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीनं वजनं टिपली होती, म्हणून मी आज इथे उभा आहे. (टाळ्या) टाळ्या दिवाणजींना द्या.

मागून कुणी म्हणतंय, "कायम साठवणुकीची परवानगी मागा." मागा की! पण माणसानं स्वतःच पुसलं तर ती परवानगी काय करणार? आणि सफारी तर सात दिवस साइट वापरली नाही, तर स्क्रिप्टनं लिहिलेलं पुसू शकतो.

आता प्रत्येक वजनाला मी फोनवरच क्रमांक देतो, इंडेक्स्डडीबीत ठेवतो आणि सर्व्हरची पोच आल्यावरच खूण करतो. रेंज गेली, तीच नोंद दोनदा गेली, तरी क्रमांक एकच. वजन दुप्पट होत नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. सुरक्षेवर अर्धा तास बोलणार होतो, एका वाक्यात उरकतो: लॉगिनचं टोकन लोकलस्टोरेजमध्ये ठेवू नका, पानात घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते वाचते, स्क्रिप्टला न दिसणाऱ्या कुकीत ठेवा.

आणि मुलांनो, पोच येईपर्यंत पडद्यावर 'जतन झालं' असं लिहू नका. 'पाठवायचं बाकी' असं लिहा. समोरच्या माणसाला खरं कळू द्या.