साखर आणि फेफरे
(डोंबिवली येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आम्हांस येथे बोलण्यास पाचारण केले याबद्दल कार्यकारी मंडळाचे आम्ही आभारी आहोत. विषय मात्र चिटणीसांनी सुचविलेला नाही. तो आम्हीच मागून घेतला. मधुमेहाविषयी आता घरोघरी मोकळेपणाने बोलले जाते. हळदीकुंकवाच्या समारंभातही साखरेच्या आकड्यांची देवाणघेवाण होते. फेफऱ्याचे नाव निघाले की मात्र आवाज खाली येतो. चरकसंहितेच्या निदानस्थानात आठच अध्याय आहेत. त्यांतील चौथा प्रमेहाचा आणि आठवा अपस्माराचा. आचार्यांनी दोहोंचा विचार सारख्याच शांतपणे केला. आपण चौथ्याची चर्चा करतो आणि आठवा लपवितो.

काही वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो. पन्नाशीचे एक गृहस्थ डोंबिवलीहून रोज मुंबईस कचेरीत जात. सकाळी इन्शुलिनची सुई टोचून घेऊन, न्याहारीचा डबा गाडीत खाऊ, अशा हिशेबाने ते घराबाहेर पडत. एके दिवशी गर्दीमुळे दोन गाड्या सोडाव्या लागल्या. तिसरीत उभे राहावयास मिळाले, पण डबा उघडावयास जागा नव्हती. मुंब्रा मागे पडले तेव्हा त्यांना दरदरून घाम सुटला, ते असंबद्ध बोलू लागले आणि थोड्याच वेळात हातपाय ताठ होऊन झटके सुरू झाले. डब्यातील मंडळी धावली, ती सद्‌भावनेनेच. परंतु कोणी चप्पल हुंगविली, कोणी मुठीत किल्ली दिली. ठाण्यास उतरवून दवाखान्यात नेले तेव्हा रक्तातील साखर ३८ निघाली. शिरेतून ग्लुकोज जाताच ते उठून बसले आणि आपला डबा कोठे आहे असे विचारू लागले.

हे फेफरे नव्हते. मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा दोन इतकेच, पण एकूण शक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि नेहमीच्या स्थितीत त्याचे अन्न म्हणजे साखर. त्याच्याजवळ साठा जवळजवळ नसतोच. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की शरीर इशारा देते: घाम, थरथर, छातीत धडधड. ५४ च्या खाली बुद्धी भ्रमू लागते, आणि आणखी खाली गेल्यास आकडी येऊ शकते. साखर पूर्ववत झाली की असा झटका थांबतो. अपस्मार म्हणजे, असे तात्कालिक कारण नसताना पुन्हा पुन्हा झटके येण्याची मेंदूची प्रवृत्ती होय. बाह्य रूप एक, मूळ निराळे.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. त्या गृहस्थांच्या घरी ‘फेफरे’ हा शब्द गेला आणि तो परत निघाला नाही. पुढे त्यांच्या कन्येच्या विवाहाची बोलणी आपल्याच ज्ञातीत जुळत आली असता ‘घरात फीट आहे’ एवढ्या कुजबुजीवर ती मोडली. वरपक्षाने कोणा डॉक्टरास विचारले नाही, आणि वधूपक्षाने लाजेपोटी खुलासा केला नाही. वस्तुतः खरा अपस्मार असता तरी काय बिघडले असते? १९७६ च्या दुरुस्तीने हिंदु विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहास अडचण ठरविली होती. १९९९ साली संसदेने ते शब्द काढून टाकले. कायद्याने सोडले ते आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या अर्जांवर अजून रेंगाळत आहे, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना फाउंडेशनने अपस्मार असलेल्यांसाठीच विवाहमंडळ चालविले. जे काम ज्ञातिमंडळांनी करावयाचे, ते अशा संस्थेस करावे लागले.

साखर फार चढली तरीही झटके येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कल्याणच्या एका वृद्ध मातोश्रींचा उजवा हात दोन दिवस राहून राहून उडत होता. शुद्ध पूर्ण होती. फेफऱ्याच्या औषधाने काही होईना. साखर तपासली तो पाचशेच्या वर! इन्शुलिन व पाणी देऊन ती उतरविताच हात शांत झाला. येथे आणखी एक खोच आहे. फेनिटॉइन नावाचे फेफऱ्याचे जुने औषध इन्शुलिनच्या स्रावास अडथळा करते, म्हणजे अशा रोग्यात ते अपायच करण्याचा संभव. तसेच व्हॅल्प्रोएटने काहींचे वजन वाढते, आणि वजनामागून मधुमेह येतो. म्हणून दोन वैद्य असतील तर दोघांनाही सर्व औषधे दाखवावीत.

उरला तो खऱ्या अपस्माराचा व मधुमेहाचा संबंध. बालवयात होणाऱ्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात अपस्मार इतरांहून अधिक आढळतो. याचे एक कारण मोठे कुतूहलजनक आहे. मेंदूतील खळबळ आवरणारे द्रव्य जे बनविते, तेच किण्व स्वादुपिंडातील इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींतही असते; आणि शरीर स्वतःवरच उलटते तेव्हा त्या किण्वाविरुद्धची प्रतिद्रव्ये दोन्ही व्याधींतील काही रोग्यांत सापडतात. प्रौढांत मार्ग वेगळा: जुन्या मधुमेहाने रक्तवाहिन्या बिघडतात, पक्षाघात होतो, आणि मेंदूतील त्या व्रणातून पुढे झटके उद्भवतात. इतिहासही गमतीचा आहे. टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले ते १९२१ साली. त्याच साली अमेरिकेत वाइल्डर यांनी अपस्मारासाठी स्निग्धप्रधान, जवळजवळ साखरविरहित आहार सुचविला. लहान मुलांच्या हट्टी अपस्मारात तो आजही वापरतात. मात्र मधुमेह्याने तो आपल्या मनाने कदापि करू नये.

आता भगिनींसाठी दोन शब्द, कारण घरचे उपास त्यांच्याच हाती. संकष्टी, एकादशी, नवरात्र जरूर करावे. पण सुई किंवा साखर उतरविणारी गोळी घेऊन निराहार राहू नये. त्या दिवसाची मात्रा आधी डॉक्टरांस विचारावी. घाम व थरथर सुटली आणि शुद्ध असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि मग खावयास द्यावे. झटका चालू असेल तर तोंडात काहीही घालू नये. साखर नाही, पाणी नाही, चमचा तर नाहीच. कुशीवर वळवावे, गळपट्टी सैल करावी, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत न थांबल्यास, अथवा रोगी मधुमेही असल्यास, १०८ क्रमांकास बोलवावे. खिशात एक चिठ्ठी ठेवावी: मधुमेह आहे, अमुक औषध चालू आहे. कांदा स्वयंपाकघरातच राहू द्यावा. आणि फेफऱ्याच्या गोळ्या कोणाचेही भाषण ऐकून बंद करू नयेत, आमचेही नव्हे.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत, आणि बाहेर पाने मांडल्याचा आवाज येत आहे. ज्यांनी आताच सुई घेतली असेल त्यांनी मानपानाचा विचार न करता पहिल्या पंगतीस बसावे.