माळ्यावरची ट्रंक

दिवाळीपूर्वीं घराची झाडलोट निघाली कीं माळ्यावरची ट्रंक खालीं येते. तिच्यांत मागच्या पिढीचीं क्रमिक पुस्तकें असतात, मुखपृष्ठ हरवलेली एखादी कादंबरी असते, आणि तांबड्या बासनांत बांधलेली, घरांत कोणालाच वाचतां न येणारी एक मोडी वही असते. रद्दीवाला तराजू घेऊन दारांत उभा असतो. "यंदा तरी हें सारें जाऊं द्या," असें घरची बाई म्हणते. यजमान मान डोलावतात, एक पुस्तक उचलतात, चार पानें चाळतात, आणि दिवेलागणीला ट्रंक पुन्हां माळ्यावर चढते. रद्दीवाल्याच्या वांट्याला वर्तमानपत्रें तेवढीं येतात.

फुटकी बरणी टाकतांना ज्याचा हात अडत नाहीं, त्याचाच हात पुस्तकापाशीं कां अडावा? पुस्तकाला पाय लागला तर तें कपाळाला लावावयाचें, दसऱ्याला पाटावर पाटी-पुस्तकें मांडून फूल वाहावयाचें, हें वळण लहानपणींच लागलेलें असतें. ज्याला फूल वाहिलें तें भेळीच्या पुडीकरितां कसें द्यावयाचें? जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस पोथीच्याच तोंडून विनवणी करीत, कीं तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून मला सांभाळा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. पाठ, कंबर व मान मोडून हें लिहिलें आहे, हेंहि सांगावयास ते विसरत नसत. छापखाना आल्यावर ते कष्ट गेले, पण आदर राहिला.

या आदरानें मात्र कधीं कधीं विपरीतच केलें. जाळवत नाहीं, विकवत नाहीं, म्हणून जीर्ण पोथ्या नदीला अर्पण करण्याची चाल पडली. ज्या पाण्यापासून पोथीनें रक्षण मागितलें, त्याच पाण्यांत ती भक्तिभावानें सोडली गेली! यहुदी लोकांची रीत अशीच, पण तिचें फळ निराळें. ईश्वराचें नांव असलेला कागद नष्ट करूं नये म्हणून ते असे कागद एका बंद कोठींत टाकीत व पुढें पुरीत. कैरोजवळच्या फुस्तात येथील बेन एझ्रा प्रार्थनामंदिरांत ही कोठी शतकानुशतकें भरतच राहिली. सन १८९६-९७ मध्यें सॉलोमन शेख्टर या पंडितानें तेथून सुमारें १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले.

आपल्याकडे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून असेच ढीग उपसले. सन १८९८ पासून त्यांनीं काढलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचे बावीस खंड झाले. ज्यांच्या घरचे ते कागद, त्यांतल्या कित्येकांना ते वाचतांहि येत नव्हते. त्यांनीं ते केवळ टाकले नाहींत, इतकेंच. पण जपणें आणि कोंडून ठेवणें यांत अंतर आहे. ओल आलेल्या माळ्यावर वर्षानुवर्षें न उघडलेली ट्रंक म्हणजे वाळवीला घातलेलें जेवणच होय.

त्यांतहि जुनें पुस्तक तितकें अशक्त, असा नियम नाहीं. जुन्नर-दौलताबादेचा हातकागद दोन-दोन शतकें तगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लाकडाच्या लगद्याचा, तुरटी व राळ घातलेला स्वस्त कागद आला. त्याच्यांतलें आम्लच त्याला आंतून खातें. म्हणून पणजोबांची पोथी उलगडतां येते, आणि आजोबांच्या कादंबरीचें पान बोटांत मोडतें.

खरा पेंच पुस्तकांचा धनी गेल्यावर पडतो. दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलानें चार कपाटें कोठें ठेवावीं? ग्रंथालयाला दाखवावीं तर 'हीं आमच्याकडे आहेत' असें उत्तर बहुधा मिळतें, आणि तें रास्तहि असतें. ग्रंथालयाच्या भिंती काहीं रबराच्या नसतात. मग मुलगा एकेक पुस्तक उघडतो. समासांत वडिलांच्या हातची पेन्सिलीची खूण दिसते, कोठें एखाद्या शब्दापुढें प्रश्नचिन्ह दिसतें, आणि तो शब्द त्यांना अखेरपर्यंत उमगला होता कीं नाहीं, हें विचारावयास आतां कोणी उरलेलें नसतें. दुसरी प्रत बाजारांत मिळेल. हें प्रश्नचिन्ह तींत नसेल. अशीं पांच-दहा पुस्तकें त्यानें ठेवावीं. उरलेलीं जो वाचील त्याला द्यावीं, आणि ज्यांचीं पानें चुरा होऊन गळत आहेत तीं रद्दीला घालतांना मनाला लावून घेऊं नये. शेंकडों प्रती निघालेल्या अंकगणितासाठीं कोणी रडावें असें त्यांत कांहीं नसतें.

मोडी वहीला मात्र हा न्याय लावूं नये. ती एकुलती एक असते. मोडी वाचणारा मनुष्य अजून शोधल्यास सांपडतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० सालापासून असले कागद सांभाळणाऱ्या संस्था आहेत. वहींत पराक्रमाची कथा निघेल ही आशा बहुधा फोल ठरेल. निघेल तो वाणसामानाचा, नाहीं तर कोणाला किती धान्य दिलें याचा हिशेब. कैरोच्या त्या कोठींतहि धर्मग्रंथांच्या जोडीला हिशेब, याद्या आणि व्यापाऱ्यांचीं पत्रें निघालीं. बाराव्या शतकांत मंगळूरला येऊन राहिलेल्या अब्राहम बेन यीजू या यहुदी व्यापाऱ्याची हकीकत जगाला कळली ती अशाच चिठोऱ्यांवरून.