बधिर पावले आणि बर्फाचे मोजे

(वर्षावास व्याख्यानमालेत पवई येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान मुलांचा कर्करोग हा विहारात बोलण्याचा विषय आहे काय, असे आम्हाला विचारण्यात आले. आहे. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या, स्वतःच्याच मळात पडून राहिलेल्या एका भिक्खूची कथा आहे. भगवंतांनी आनंदाकरवी पाणी आणविले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. ज्याची शुश्रूषा करणे सोपे असा रोगी कोणता, हेही तेथेच सांगितले आहे. तो पथ्य पाळतो, औषध घेतो आणि आपले दुखणे वाढले, उतरले की तसेच आहे, हे खरे खरे सांगतो. आता चार वर्षांच्या मुलाला यातली शेवटची गोष्ट कशी जमावी? आजचा आमचा विषय या एका अडचणीभोवतीच फिरणारा आहे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा कर्करोग. प्रगत देशांत त्याच्या मुख्य प्रकारातून दहांपैकी आठ-नऊ मुले आज बरी होतात. या यशात व्हिन्क्रिस्टिन नावाच्या औषधाचा मोठा वाटा आहे आणि ते येते आपल्या दारातल्या सदाफुलीपासून. वैद्य जीवकाला तक्षशिलेत त्याच्या गुरूंनी औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले, तेव्हा तो रिकाम्या हातांनी परतला, ही कथा आपण जाणताच. मात्र सदाफुलीची पाने चावून कर्करोग जात नाही. पाने विषारी आहेत. त्यातले नेमके द्रव्य वेगळे काढून, मुलाच्या शरीराच्या मापाने मोजून ते शिरेतून दिले जाते. अमेरिकेत 1963 मध्ये त्याला मान्यता मिळाली. आजही त्याच्याशिवाय या मुलांचा उपचार होत नाही.

पवईकर म्हणून एक अभिमानाची गोष्ट सांगतो. आपल्या शेजारच्या आय.आय.टी.त टाटा मेमोरियलच्या सहकार्याने तयार झालेली, रुग्णाच्याच पेशी बदलून रक्ताच्या कर्करोगावर सोडण्याची भारतातील पहिली उपचारपद्धती 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते येथेच राष्ट्राला अर्पण झाली. पण 2023 मध्ये तिला मिळालेली मान्यता पंधरा वर्षांवरील रुग्णांसाठी होती, आणि तीही नेहमीचे उपचार थकल्यावर. लहानग्यांची पहिली भिस्त अजून सदाफुलीवरच आहे.

आता या औषधाची दुसरी बाजू. पेशी दुभंगताना आत ज्या सूक्ष्म नळ्या उभ्या राहतात, त्या व्हिन्क्रिस्टिन उभ्याच राहू देत नाही. म्हणून कर्करोगाची पेशी मरते. परंतु अशाच नळ्या मज्जातंतूत रुळांचे काम करतात. पवईला रेल्वे स्टेशन नाही, आपण कांजुरमार्गला जाऊन गाडी धरतो. कल्पना करा, रूळ जागोजागी उखडले तर सर्वांत आधी हाल कोणाचे? शेवटच्या कसाऱ्याचे. शरीरातला कसारा म्हणजे पायाची बोटे. पाठीच्या कण्यापासून तिथवर गेलेले तंतू सर्वांत लांब, म्हणून बधिरपणा प्रथम तेथे येतो आणि हातांची बोटे नंतर.

मोठा माणूस म्हणेल, मुंग्या येतात, आग होते. बाबासाहेबांना 1948 च्या सुमारास मधुमेहाबरोबर पायांच्या मज्जातंतूंच्या वेदनांनी रात्र रात्र झोप लागत नसे. कारण वेगळे, पण दुखणे याच जातीचे. ते सांगू शकत होते, डॉक्टरांना बोलावू शकत होते. लहान मूल काय करते? चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नाही. जिना चढताना पुढचे पाऊल अडखळते, चालताना पाऊल आपटते. बटण लागत नाही, पेन्सिल सुटते. जबडा दुखतो म्हणून जेवण नाकारते. शौचास कडक होते, कारण आतड्याचे तंतूही त्यात सापडतात. घरचे म्हणतात, आजारपणात लाडावले आहे, चालायचा कंटाळा करते. आमच्या मते या मुलांवर होणारा सर्वांत मोठा अन्याय तो हाच.

आणि मग कोणीतरी सांगते की बर्फ लावा. ही गोष्ट पोकळ नाही, म्हणूनच ती नीट समजून घेतली पाहिजे. थंडीने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. औषध शिरेत चालू असताना त्या आकसलेल्या असतील तर बोटांपर्यंत औषध कमी पोहोचते. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या 36 स्त्रियांना औषधाच्या 15 मिनिटे आधीपासून ते संपल्यावर 15 मिनिटांपर्यंत गोठवलेले हातमोजे व पायमोजे घातले, तेही एकाच बाजूला. दुसरी बाजू तुलनेसाठी मोकळी ठेवली. मोजे घातलेल्या हातांपैकी 27.8 टक्के हातांचा स्पर्श मंदावला, मोकळ्या हातांपैकी 80.6 टक्के हातांचा. एकाच बाईचे दोन हात एकमेकांचे साक्षीदार! विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर अभ्यासावा. तरीही अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात, शीतोपचार आशादायक आहे पण आणखी मोठे प्रयोग हवेत, असेच म्हटले.

मग मुलांनाही तेच मोजे का घालू नयेत? एक तर औषध वेगळे. पॅक्लिटॅक्सेल तासभर वा अधिक वेळ थेंबाथेंबाने चालते. व्हिन्क्रिस्टिन काही मिनिटांत दिले जाते, पण शेवटच्या टप्प्यात रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी तीन दिवसांहून अधिक लागतात. तीन दिवस मुलाचे पाय बर्फात कोण ठेवणार? जबडा आणि आतडे यांना तर मोजे घालताच येत नाहीत. शिवाय मोठी बाई म्हणते, फार गार झाले, काढा. ज्याची बोटे आधीच बधिर आहेत ते मूल तेही म्हणणार नाही आणि बर्फाने कातडी भाजेल. व्हिन्क्रिस्टिनसाठी मुलांत शीतोपचार उपयोगी पडतो हे आजवर सिद्ध झालेले नाही. ऑक्झॅलिप्लॅटिनसारख्या काही औषधांत तर गार स्पर्शानेच कळा येतात.

येथे आपल्या समाजाला आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. विदर्भातील आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण अधिक आहे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडीने तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. घरात कोणाला हा आजार असेल तर बर्फाचा विचार मनात येण्याआधी ते डॉक्टरांच्या कानावर घातले पाहिजे.

कोणी सांगितले, ग्रंथात आहे, परंपरेने आले, एवढ्यावरून मानू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले. डॉक्टरांनाही हाच नियम लावा. शीतोपचाराबद्दल त्यांना जरूर विचारा, एखादा रीतसर प्रयोग चालू असल्यास त्याची माहिती घ्या, पण घरचा प्रयोग नको. त्याहून वाईट म्हणजे पाय लुळे पडतील या भीतीने मधूनच औषध बंद करणे. बहुतेक मुलांचा त्रास औषध संपल्यावर काही महिन्यांत उतरतो, काहींचा वर्षानुवर्षे रेंगाळतो. त्रास फार असेल तर डोस कमी करणे वा पुढे ढकलणे हे डॉक्टरांच्या हाती असते. व्यायाम आणि पावलाला आधार देणारा स्प्लिंट यांचाही उपयोग होतो. बुरशीच्या संसर्गावरची काही औषधे, उदाहरणार्थ इट्राकोनॅझोल, व्हिन्क्रिस्टिनचा हा त्रास वाढवतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक गोळी कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवावी.

परळला टाटा रुग्णालय 1941 पासून आहे आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक उतरतात. अनेक आईबाप तेथे पहिल्यांदाच मुंबई पाहतात. आपण भोजनदान, फळवाटप करतो, ते चांगलेच आहे. विद्यार्थी मित्रांकडून आम्ही आणखी एक काम मागतो. चाळीस पानी वह्या घेऊन जा. पालकांशेजारी बसून तारखेनिशी लिहून द्या: आज जिना चढला का, चप्पल कितीदा निसटली, बटण स्वतः लावले का, शौचास झाली का, जबडा दुखला का. पुढच्या डोसआधी ती वही डॉक्टरांसमोर उघडायची, हे त्यांना समजावून सांगा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दर आठवड्याला पुन्हा जा. या रविवारी जे येऊ शकतील त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत.

जयभीम! नमो बुद्धाय!