पदके आणि म्हादई



बेळगाव-निपाणी भागात लष्करी पदकांची अपूर्वाई नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने अनेक घरांच्या ट्रंकांत ती आढळतात. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेले असते. आयुष्यभर पोथ्या वाचलेल्या माझ्यासारख्याला ती अक्षरे भिंगाखाली धरण्याचा मोह होतो. पण तेवढ्याने माणूस वाचून होतो काय?

आज मी पायदळ सोडून आरमाराकडे वळतो. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी (१९२७-२०१८) यांच्या छातीवर वीर चक्र होते. चांदीचे वर्तुळ, त्यात पंचकोनी तारा. फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. १९७१ च्या युद्धात ते 'कामोर्ता' या पाणबुडीविरोधी नौकेचे कप्तान होते. पूर्व पाकिस्तानच्या बंदरांची जी नाकेबंदी झाली, तीत या नौकेचा वाटा होता. दुसरे परम विशिष्ट सेवा पदक. ते शांतताकालातील थोर सेवेचे. पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून ते १९८३ मध्ये निवृत्त झाले. पदकांची कथा इथे संपते.

आवटींची संपत नाही. समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णीत राहून त्यांनी एक ध्यास जोपासला: भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. वयाची ऐंशी उलटल्यावर तो फळाला आला. रत्नाकर दांडेकरांनी गोव्यात नौका बांधली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता फेरी पुरी केली. दोंद्यांना शौर्य चक्र मिळाले, टॉमींना कीर्ती चक्र. ही दोन चक्रे आवटींच्या फितींत शोधू नयेत. पण त्यांच्या चरित्रातून ती वगळणाऱ्याला मी चरित्रकार म्हणणार नाही.

नौकेचे नाव 'म्हादई'. ही नदी आपल्याच खानापूर तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावते आणि गोव्यात मांडवी म्हणून समुद्राला मिळते. तिच्या पाण्यासाठी राज्ये लवादापुढे भांडली, हे आपणांस सांगायला नको. तिचे नाव मात्र केप हॉर्नला वळसा घालून आले.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी अशी पदके असतील, त्यांनी कडेवरची अक्षरे कागदावर उतरवून घ्यावीत आणि तो कागद घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे. पदक सराफाकडे गेले तरी चांदीचा भाव येतो. निवृत्तीनंतर तो माणूस काय करीत होता, हे सांगणारी आजी उद्या असेलच असे नाही.