एकेरी रुळावरचे स्टेशन

श्रोते हो, तुम्ही मिरजोळ्याचे असाल तर रत्नागिरी स्टेशन तुमच्या जवळचेच. पण आज बोलायचे आहे ते त्याच्या आधीच्या, मुंबईकडच्या लहानग्या भोके स्टेशनाविषयी. तिथे गाडी थांबली की डब्यात कुरकुर सुरू होते, “आता इथे कशाला थांबली हो?”

कशाला, ते पाहू. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पुरती सुरू झाली. मार्ग बहुतेक एकेरी. अरुंद पाणंदीत समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या, तर एकाला बाजूला व्हावेच लागते ना? रेल्वेला बाजूला व्हायची जागा म्हणजे स्टेशन. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये साडेसहा किलोमीटरांचा करबुड्याचा बोगदा आहे. त्याच्या पोटात कोण कोणाला वाट देणार? तेव्हा तिकिटे किती खपली यावर अशा स्टेशनाची किंमत करू नका.

पावसाळ्यात तर गाड्या आणखी सावकाश. कंटाळा येतो खरा. पण २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसे गेली. भर पावसात रुळाकडेने पायी गस्त घालणारी माणसे तुम्ही पाहिली असतील, ती यासाठीच.

गुरुजी, मुलांना एकदा फलाटावर न्या. एक गाडी बाजूला उभी, दुसरी धडधडत निघून जाते, हे पाहू द्या. मग वर्गात फळ्यावर एकच रूळ काढा आणि दोन टोकांना दोन गाड्या. आधी कोणती सोडायची, ते मुलेच भांडून ठरवतील.